वर्गमूळ-घनमूळ: पोरांना पद्धत येते, पण समजलंय का ते कसं तपासता?

मलप्रभा
नमस्कार. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवतो. आठवीचे वर्ग-वर्गमूळ आणि घन-घनमूळ हे दोन्ही धडे झाले की चाचणी होते, आणि पेपर तपासताना दरवर्षी एकच गोष्ट खुपते. म्हणून हा धागा.

३२४ चं वर्गमूळ काढा म्हटलं की बहुतेक पोरं पटापट मूळ अवयव पाडतात, जोड्या लावतात, १८ लिहून मोकळी होतात. त्याच पोरांना फळ्यावर ५० लिहून विचारावं, याचं वर्गमूळ अंदाजे किती? काही जण म्हणतात, "येत न्हाई सर, दोनला जोडी न्हाई की." काही जण थेट २५ सांगतात.

२५ सांगणाऱ्यानं अर्ध केलं, त्याची चूक लगेच दिसते. पण "जोडी न्हाई" म्हणणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते. त्याला पद्धत चोख येते. वर्गमूळ म्हणजे चौरसाची बाजू, ५० चौरस सेंमीचाही चौरस असू शकतो आणि त्याची बाजू ७ सेंमीहून जराशी जास्त असणार, हे मात्र त्याच्या मनात कुठेच नाही. आणि आपल्या पेपरात या पोराला पैकीच्या पैकी गुण पडतात! पेपरात सगळेच आकडे पूर्ण वर्ग असतील तर पोराला काय कळलंय ते आपल्याला कळायला मार्गच उरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मी वापरतो तो एक प्रश्न सांगतो. आपल्याकडे जमीन गुंठ्यात मोजतात, घरात पोरांच्या कानावर ते असतंच. १ गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. विचारायचं, ४ गुंठ्यांचा चौरस प्लॉट आहे, एक बाजू किती फूट? १३२ हे उत्तर हमखास येतं, चार गुंठे म्हणून ३३ चौक. चित्र काढायला लावलं, दोन गुंठे खाली, दोन वर, की ६६ दिसतं. मग लगेच पुढचा प्रश्न: २ गुंठ्यांचा चौरस प्लॉट? इथे खरी परीक्षा. काही पोरं ३३ आणि ६६ चा मध्य काढून ४९.५ म्हणतात. बाजू आणि क्षेत्र एकाच चालीनं वाढतात असं त्यांना वाटत असतं. ज्याला कळलंय तो २१७८ घेऊन बसतो, ४६ चा वर्ग २११६, ४७ चा २२०९, म्हणून ४६ आणि ४७ च्या मध्ये, आणि ४७ च्या जवळ.

तुम्ही कुठले प्रश्न विचारता? कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीच्या अलीकडचे-पलीकडचे सगळ्यांनी लिहा.

वेदगंगा
सर, मी निपाणीत शिकवणी घेतो. मुद्दा पटला, पण दुसरी बाजूही मांडतो. आमच्याकडची बरीच पोरं आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसतात. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. तंबाखूच्या वखारीत कामाला जाणाऱ्या आईच्या पोराला ही रक्कम लहान नाही. तिथे वेळ कमी, प्रश्न भरपूर. तिथे युक्तीच चालते.

१७५७६ चं घनमूळ घ्या. शेवटचे तीन अंक बाजूला ठेवले की उरले १७. ८ आणि २७ च्या मधले, म्हणजे दशकस्थानी २. शेवटचा अंक ६, आणि ६ च्या घनाच्या शेवटी ६ च येतो, म्हणून एककस्थानी ६. उत्तर २६, झालं. अवयव पाडत बसला तर पोरगा मागे पडतो. अंदाज, चित्रं, गप्पा हे सगळं चांगलंच आहे, पण स्पर्धा परीक्षेत त्याला गुण नाहीत.

मलप्रभा
वेदगंगा सर, युक्ती जरूर द्या. मीही देतो. फक्त दिल्यानंतर त्याच पोराला १७५८६ चं घनमूळ विचारून बघा. तेच १७, शेवटी तोच ६. युक्ती पाठ असलेला पोरगा क्षणात २६ म्हणेल, आणि २६ चा घन १७५७६ आहे हे त्यानं पाचच मिनिटांपूर्वी लिहिलेलं असेल. ही युक्ती संख्या पूर्ण घन आहे हे आधीच माहीत असेल तेव्हाच चालते. ते न सांगता आपण युक्ती दिली तर पोराच्या हाती अर्धवट गोष्ट पडते.

आणखी एक प्रश्न मला फार आवडतो. हीच युक्ती वर्गमूळाला का पुरत नाही? घनात शेवटच्या अंकाचा घोळ नाही. २ चा ८, ८ चा २, ३ चा ७, ७ चा ३, बाकीचे आपापल्या जागी. प्रत्येक अंकाला एकच उत्तर. वर्गात तसं नाही. ५७६ च्या शेवटी ६ आहे, म्हणजे मूळाच्या शेवटी ४ ही असेल, ६ ही असेल. मग २५ चा वर्ग ६२५, ५७६ त्याच्या खाली, म्हणून २४. हे ज्या पोराला स्वतः सांगता आलं त्याला युक्तीही कळली आणि वर्गमूळही कळलं. तोंडी विचारायला दोन मिनिटं लागतात.

मार्कंडेय
मी शिक्षक नाही, बेळगावात बांधकामाची छोटी-मोठी कामं घेतो. मुलगी आठवीत आहे. धागा वाचून काल तिला आमच्या धंद्यातला प्रश्न घातला. खडी, वाळू आम्ही ब्रासवर घेतो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हटलं, एक ब्रास खडी मावेल असं घनाकार खोकं करायचं, लांबी-रुंदी-उंची सारखी, तर किती फुटाचं?

म्हणाली ३३. शंभराला तीननं भागलं.

रागावलो नाही. म्हटलं, ३३ फूट उंच म्हणजे तीन मजली घर झालं, आणि तळाला अख्खा एक गुंठा. ट्रॅक्टरमधून येणारी खडी एवढी असते का? ती हसली आणि स्वतःच खोडलं. मग ५ घेतले, १२५ झाले, जास्त. ४ घेतले, ६४, कमी. मग दशांशात शिरली. ४.६ चा घन ९७.३३६, ४.७ चा १०३.८२३. "पप्पा, साडेचारच्या थोडं वर." मला फार बरं वाटलं, खरं सांगतो. तिची वही बघितली तर घनमूळाची सगळी गणितं बरोबर आहेत आणि खाली सही आहे. मग तीननं भागायचं कुठून आलं?

मलप्रभा
मार्कंडेयदादा, वहीतली गणितं बरोबर येतात कारण तिथे "घनमूळ काढा" असं लिहिलेलं असतं, मग हात आपोआप अवयवांकडे वळतो. तुम्ही घनमूळ हा शब्दच वापरला नाही. शब्द नसताना पोराला घनमूळ आठवतं का, हे तपासायला तुमच्या प्रश्नाइतका चांगला प्रश्न मला कधी सुचला नव्हता. पुढच्या चाचणीत घालतो.

तीननं भागणं आणि दोननं भागणं ही एकाच घरची दुखणी आहेत. "तीन वेळा" ऐकलं की तीन वेळा बेरीज की तीन वेळा गुणाकार हे पोरांचं ठरलेलं नसतं. पाचवी-सहावीत क्षेत्रफळ आणि परिमिती यांची गल्लत होते तिथूनच हे सुरू होतं. २७ चं घनमूळ ९ सांगणारा पोरगा दिसला की त्याला ९ चा घन करायला लावायचा. ७२९ आले की तो स्वतःच थबकतो.

ताम्रपर्णी
मी पलीकडची, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली. बरीच वर्षं गणित शिकवून आता निवृत्त आहे. आमच्या पुस्तकात घनमूळ घातांकांबरोबर येतं, तुमच्याकडे वर्ग आणि घन असे वेगळे धडे. पण पोरांच्या चुका हद्द बघत नाहीत, अगदी त्याच आहेत!

मी करत असे तो एक उपक्रम देते. चौकटींची वही घ्यायची, एक सेंमीची चौकट असेल तर उत्तम. पोरांना सांगायचं, ज्याचं क्षेत्रफळ बरोबर ४ चौकटी आहे असा चौरस काढा. काढतात. ९ चा काढा. काढतात. आता ५ चा काढा.

वर्ग शांत होतो. काही जण दोन बाय अडीच काढतात, तो आयत. काही जण "होत नाही" म्हणतात. त्यांना थोडा वेळ द्यायचा, घाई करायची नाही. मग एकच सूचना: चौरस वाकडा काढला तर चालेल. एका छेदबिंदूपासून दोन चौकटी उजवीकडे, एक वर, तिथे खूण. तिथून वळून एक चौकट डावीकडे, दोन वर. असं चारही बाजूंनी. तिरका चौरस तयार होतो. त्याचं क्षेत्रफळ कसं मोजायचं? त्याच्याभोवती तीन बाय तीनचा सरळ चौरस आखायचा, ९ चौकटी. चार कोपऱ्यांत चार त्रिकोण उरतात, प्रत्येक एक चौकटीएवढा. ९ वजा ४, राहिले ५. आता त्याची बाजू पट्टीनं मोजा म्हटलं की २.२ सेंमीच्या थोडी पुढे येते. आणि २.२ चा वर्ग? ४.८४.

"जोडी न्हाई" म्हणणाऱ्या तुमच्या पोराला हा चौरस काढायला द्या. ५ चं वर्गमूळ त्याच्या वहीत, त्यानं स्वतः काढलेलं असेल, मग ते "येत नाही" असं त्याला म्हणताच येणार नाही. काढून झाल्यावर तपासणीचा प्रश्न: आता १० चा काढ. ज्याला तंत्र कळलं तो तीन उजवीकडे, एक वर जातो, बाहेरचा चौरस चार बाय चारचा, १६ वजा ६. ज्यानं फक्त नक्कल केली तो ५ चा चौरस दुप्पट मोठा करतो, आणि त्याचं क्षेत्रफळ २० होतं. सरांच्या गुंठ्यांचीच गोष्ट, दुसऱ्या कपड्यांत.

दुसरं एक. वाक्यं द्यायची आणि विचारायचं: नेहमी खरं, कधीकधी खरं, की कधीच नाही?
दोन पूर्ण वर्गांचा गुणाकार पूर्ण वर्ग असतो. नेहमी.
दोन पूर्ण वर्गांची बेरीज पूर्ण वर्ग असते. कधीकधी, ९ आणि १६ ची होते, ४ आणि ९ ची नाही.
पूर्ण वर्गाच्या शेवटी तीनच शून्यं असतात. कधीच नाही.
एकच संख्या पूर्ण वर्गही असते आणि पूर्ण घनही. कधीकधी, ६४ बघा, ७२९ बघा.
वर्गमूळ हे मूळ संख्येपेक्षा लहान असतं. यावर सगळा वर्ग "नेहमी" म्हणतो, आणि तिथूनच तास रंगतो.

घटप्रभा
ताई, शेवटच्या वाक्यावर माझा स्वतःचा वर्ग आठवला. √०.९ चं उत्तर ०.३ लिहिणारी पोरं निम्म्याहून जास्त. ०.३ चा वर्ग ०.०९ होतो हे करून दाखवलं तरी पुढच्या आठवड्यात परत ०.३.

मी हुक्केरी भागात, नोकरीला नवीनच लागले. एक अडचण सांगते. वर्गात चाळीसच्या वर मुलं. तोंडी विचारायचं म्हटलं तर पाच जणांतच तास संपतो. लेखी "कारण द्या" म्हटलं तर मुलं कारणच लिहीत नाहीत, किंवा "कारण ते वर्गमूळ आहे" असं लिहितात. मुलाला गणित येत नाही की लिहायला येत नाही, हे कळत नाही. शिवाय एफएचे, म्हणजे आकारिक मूल्यमापनाचे, गुण भरायचे असतात ते वेगळंच. सीआरपी (आसपासच्या शाळांच्या गटाचे मार्गदर्शक) आले की गुणांचा तक्ता बघतात. तुम्ही हे सगळं कसं बसवता?

मलप्रभा
घटप्रभा मॅडम, पाट्या. जुन्या दगडी नाहीत तर पुठ्ठ्याला पांढरा कागद चिकटवून वर प्लॅस्टिक लावलं तरी चालतं. प्रश्न विचारायचा, अर्धा मिनिट, "पाट्या वर" म्हटलं की सगळ्यांनी एकदम उचलायच्या. चाळीस उत्तरं एका नजरेत दिसतात. मात्र प्रश्न असा निवडायचा की प्रत्येक चुकीच्या उत्तरामागचं कारण आपल्याला आधीच ठाऊक असेल. उदाहरणार्थ √(९+१६). पाटीवर ५ असेल तर ठीक. ७ असेल तर त्यानं मूळं वेगवेगळी काढून बेरीज केली. १२.५ असेल तर अर्ध केलं. २५ असेल तर बेरीज करून तिथेच थांबला. चार प्रकारची पोरं चार बाजूंना, आणि कुणालाही एक ओळ लिहावी लागली नाही.

√०.९ साठी आकडा विचारूच नका. पाटीवर तीनच पर्याय: ०.९ पेक्षा मोठं, लहान, की तेवढंच? आधी ०.२५ घ्या, मूळ ०.५, मोठं. मग ०.८१, मूळ ०.९, तेही मोठं. मग ०.९. आता ०.३ लिहिणाऱ्याला आपलंच उत्तर खटकायला लागतं. ०.९५ चा वर्ग ०.९०२५ आहे, इथपर्यंत काही पोरं आपणहून पोचतात.

गुणांचं म्हणाल तर दोन गुणांच्या प्रश्नात मी एक गुण "कुठल्या दोन पूर्ण संख्यांच्या मध्ये" याला देतो आणि एक "कुणाच्या जवळ आणि का" याला. कारण म्हणून मी वाक्य मागत नाही. दोन वर्ग लिहून दाखवले की कारण झालं. तक्त्यात गुण भरता येतात आणि मलाही काहीतरी कळतं. एफएच्या कृतीसाठी ताईंचा तिरका चौरस घ्या, पोरांची वहीच पुरावा.

वेदगंगा
१७५८६ माझ्या बॅचला देऊन बघितला. सरांनी सांगितलं तेच झालं, आणि त्यात माझी हुशार पोरंही होती. युक्ती सोडणार नाही, पण आता आधी "पूर्ण घन आहे का?" हा प्रश्न आणि मग युक्ती.

एक जोडी माझ्याकडूनही. ९० ला कमीत कमी कितीनं गुणलं तर पूर्ण वर्ग होईल? हा सगळ्यांना येतो, ९० म्हणजे २ × ३ × ३ × ५, दोन आणि पाचला जोडी नाही, म्हणून १० नं, ९०० झाले. लगेच खाली विचारा: त्याच ९० ला पूर्ण घन करायला? इथे जोडी सोडून तिकडी बघावी लागते. दोनला आणखी दोन २ हवेत, तीनला एक ३, पाचला दोन ५. ४ × ३ × २५, म्हणजे ३००. ९० × ३०० = २७०००, ३० चा घन. "१० × १० = १०० नं" असं उत्तर आलं की समजायचं, पोरगा मागच्या उत्तरावरून उडी मारतोय.

घटप्रभा
पाट्या करून घेतल्या. १२.५ लिहिणारी तिघं सापडली, त्यांना वेगळं बसवलं.

आणखी एक विचारते, रागावू नका. वर्गमूळाच्या भागाकार पद्धतीत उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या का पाडतात, आणि वरचा अंक दुप्पट का करतात? परवा एका मुलीनं विचारलं. पद्धत मला येते, पण तिला पटेल असं सांगायचंय. आणि हे तिला कळलं का ते तपासायचं कसं?

ताम्रपर्णी
रागावायचं काय त्यात, पद्धतीबद्दल पोरीनं "का" विचारलं म्हणजे ती लक्ष देऊन शिकतेय. ही पद्धत आजची नाही. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटानं वर्गमूळ आणि घनमूळ दोन्हींची रीत श्लोकात सांगितली आहे, तीही स्थानांचे गट पाडूनच.

सरांच्या गुंठ्यावरच करू. १०८९. जोड्या: १० आणि ८९. मूळातला दशकाचा अंक म्हणजे दहाचे गठ्ठे, आणि दहा गुणिले दहा शंभर. म्हणून दशकाच्या अंकाचा वर्ग शेकड्यात जाऊन बसतो, दोन घरं पुढे. मूळाच्या एका अंकाला संख्येतले दोन अंक, म्हणून जोड्या. घनात दहाचा घन हजार होतो, म्हणून तिथे तीन-तीनचे गट. वेदगंगा सरांच्या युक्तीत १७ आणि ५७६ असे तुकडे पडले ते याचमुळे.

आता प्लॉट काढा. आधी आत ३० बाय ३० चा चौरस, ९०० गेले. उरले १८९. हे उरलेलं क्षेत्र चौरसाच्या दोन बाजूंना पट्ट्या म्हणून लावायचं, एक उजवीकडे, एक वर. पट्ट्या दोन, म्हणून ३० ची दुप्पट ६०. पट्टीची रुंदी जेवढी, तेवढ्याच बाजूचा छोटा चौरस कोपऱ्यात राहतो, तोही भरायचा. रुंदी ३ घेतली तर पट्ट्या ९० आणि ९०, कोपरा ९, एकूण १८९. भागाकारात आपण ६३ × ३ लिहितो ते हेच: ६० दोन्ही पट्ट्यांचे, ३ कोपऱ्याचे.

तपासायचं असेल तर तिला भागाकार पूर्ण करून द्या आणि विचारा, यातला १८९ चित्रात कुठे आहे? ६३ मधला ३ कुठे आहे? बोट ठेवून दाखवता आलं की कळलं. नंतर कधी वेळ मिळाला तर २६ च्या घनाचं असंच करा: ८००० चा ठोकळा, त्याला मिळून ७२०० च्या तीन फळ्या, मिळून २१६० च्या तीन दांड्या, कोपऱ्यात २१६. साबणाच्या वड्या किंवा बटाट्याचे तुकडे कापून वर्गात होतं.

मार्कंडेय
हे मला पण आज कळलं, इतकी वर्षं प्लॉट मोजतोय.

एक शंका. आता घरोघरी मोबाईल आहे. मुलगी √ चं बटण दाबते आणि उत्तर वाचून दाखवते. बंद करू का?

मलप्रभा
बंद नका करू, फक्त √ चं बटण वापरायचं नाही असा नियम घाला. गुणाकार चालेल. ३० चं वर्गमूळ दोन दशांश स्थळांपर्यंत काढ म्हणा, आणि ती कुठले आकडे टाकते ते शेजारी बसून कागदावर लिहून घ्या. उत्तरापेक्षा ही यादी मोलाची.

५ टाकेल, २५. ६ टाकेल, ३६. मग बहुधा ५.५, येतात ३०.२५. इथून पुढे नीट बघा. एखादं पोर परत ५.१ पासून सुरू करतं, ५.२, ५.३ असं एकेक पायरी चढतं. त्याला क्रम कळलाय, पण ३०.२५ हे ३० च्या किती जवळ आहे याचा उपयोग करायचं सुचत नाही. दुसरं ५.४ टाकतं, २९.१६ बघतं, आणि मग मधलं ५.४५ न घेता थेट ५.४८ ला जातं, कारण ३०.२५ जास्त जवळ होतं. ५.४८ ला ३०.०३०४ येतात, ५.४७ ला २९.९२०९. मुलीनं ५.४८ निवडलं तर विचारा, ५.४७ का नाही? नुसत्या वजाबाकीनं सांगता येतं.

तिची यादी जमली तर इथे टाका. घटप्रभा मॅडम आणि मी एसए-१ च्या, म्हणजे पहिल्या सत्र परीक्षेच्या, आधी आठवीसाठी अशा प्रश्नांचा एक पानाचा संच करतोय, त्यात पालकांनी घरी घ्यायचा एक प्रश्न ठेवायचा आहे.